डॅटसन २४०झेड: आधी पाणी कुठे साठतं ते बघा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर भलतीकडे जाणार नाही. तुम्ही मूळचे नाशिकचे, आता मिशिगनमध्ये ग्रँड रॅपिड्सला असता. १९७२ ची एक डॅटसन २४०झेड बघून ठेवली आहे. गाडी जन्मभर ॲरिझोनात होती आणि गंज अजिबात नाही, असं विकणारा सांगतो. घराला साधं गॅरेज आहे, त्यात हीटर नाही. गाडी घ्यावी का, ती स्वतःला सांभाळता येईल का, आणि बर्फाचे पाच महिने ती कशी ठेवायची, असे तीन प्रश्न तुम्ही विचारलेत. आजवर हातात पाना धरलेला नाही, हेही लिहिलंत.

घ्या. पाना धरायला शिकता येतं आणि शिकायला याहून चांगली गाडी मिळणं कठीण. माझी २४०झेड १९७१ ची आहे. डेट्रॉइटच्या बाजूला तिने माझ्याकडे १९ हिवाळे काढलेत, आणि मित्रांच्या आठ-दहा झेडही माझ्या हाताखालून गेल्यात. (इकडे सगळे 'झी' म्हणतात, माझ्या तोंडात मात्र 'झेड'च बसलंय.) इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की झाली. या गाडीचं इंजिन सहसा दगा देत नाही. तिला खातो तो गंज, आणि गंज साठलेल्या पाण्यातून येतो. थंडी एकटी तिचं फारसं काही बिघडवत नाही. त्यामुळे गाडी घेताना, वापरताना आणि हिवाळ्यात ठेवताना मी एकच विचार करतो: पाणी इथे शिरलं तर बाहेर कुठून पडेल?

गाडी नेमकी काय आहे ते थोडक्यात सांगतो. २४०झेड १९६९ च्या शेवटी लोकांसमोर आली आणि अमेरिकेत १९७० चं मॉडेल म्हणून ३,५२६ डॉलरला विकायला लागली. २३९३ सीसीचं, एका ओळीत सहा सिलिंडर असलेलं इंजिन, त्या काळच्या मोजणीने १५१ अश्वशक्ती, वजन साधारण १,०५० किलो. चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, पुढे डिस्क ब्रेक. त्या किमतीत असलं काही युरोपातलं कुणी देत नव्हतं. डॅटसन बनवणाऱ्या निस्सानच्या अमेरिकेतल्या कंपनीचे त्या वेळचे प्रमुख युताका कातायामा या गाडीसाठी हट्टाने झगडले. इथले झेडवाले त्यांना अजूनही 'मिस्टर के' म्हणतात. २०१५ मध्ये, वयाच्या १०५ व्या वर्षी ते गेले. आपल्यासाठी आणखी एक जवळचा धागा म्हणजे शेखर मेहता. युगांडात जन्मलेला हा भारतीय वंशाचा चालक १९७३ ची पूर्व आफ्रिकेतली सफारी रॅली २४०झेड चालवून जिंकला. खड्डे, चिखल आणि नदीनाल्यांतून हजारो किलोमीटर जाणारी ती रॅली जिने काढली, तिच्या यंत्राबद्दल मी तुम्हाला वेगळी खात्री द्यायला नको.

पत्र्याची खात्री मात्र कुणीच देऊ शकत नाही. त्या काळी गंजापासून बचावाचा थर नावापुरता असायचा, आणि या गाडीच्या अंगात पाणी अडकण्याच्या जागा भरपूर आहेत. 'ॲरिझोनाची गाडी' हे ऐकून निम्मी तपासणी झाली असं समजू नका. ती खरंच तिथेच होती का, याचे कागद मागा: जुनी रजिस्ट्रेशनं, सर्व्हिसच्या पावत्या, विम्याची पत्रं. मग नंबर जुळवा. अमेरिकेच्या गाड्यांचा चेसिस नंबर 'एचएलएस३०' ने सुरू होतो. तो डॅशबोर्डवरच्या पट्टीवर असतो आणि इंजिनामागच्या पत्र्यावरही ठोकलेला असतो. बोनेटखालच्या पाटीवर इंजिनाचा नंबरही असतो. हे सगळं एकमेकांशी जुळलं पाहिजे.

आता प्रत्यक्ष बघायला जाल तेव्हा जुने कपडे घालून जा, कारण गाडीखाली झोपायचंय. बरोबर टॉर्च, बारीक मऊ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक आणि जाड टोकाचा स्क्रूड्रायव्हर घ्या. पहिली जागा बॅटरीखालची. बॅटरी इंजिनाच्या मागच्या उजव्या कोपऱ्यात असते. ५० वर्षांत तिच्यातून गळलेलं ॲसिड खालच्या ट्रेमधून पाझरतं आणि थेट उजवीकडच्या चॅनेलवर पडतं. ट्रे नवा दिसत असेल तर 'का बदलला' विचारा आणि त्याच्या बरोबर खालचा चॅनेल गाडीखालून बघा. हे चॅनेल म्हणजे पुढून येऊन सीटखालपर्यंत जाणाऱ्या दोन पोकळ पट्ट्या, गाडीचा कणाच. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने त्यांवर ठोकत मागे जायचं. चांगला पत्रा टणटण वाजतो. सडलेला 'भद्' असा बसका आवाज देतो, आणि नुसता रंग व रबरी लेप धरून उभा असेल तर मूठ आत दबते. तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. विकणाऱ्याला आधी विचारून ठोका. जो ठोकू देत नाही त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.

दुसरी जागा पुढच्या काचेखालची जाळी. तिथून शिरलेलं पावसाचं पाणी दोन्ही बाजूंनी पुढच्या मडगार्डच्या मागे उतरतं. पानं आणि माती साचली की तो रस्ता बुजतो, पाणी आतच राहतं, आणि दाराच्या पुढचा मडगार्डचा खालचा तुकडा आतून कुजतो. बाहेरून दिसतो तो फक्त चार आण्याएवढा फुगवटा. मग दाराच्या मागचा, मागच्या चाकापुढचा कोपरा बघा. मग मागचं मोठं दार उघडून त्याचं कुलूप जिथे बसतं ती आडवी पट्टी आणि स्टेपनीचा खड्डा. चुंबक या सगळ्या जागांवर फिरवायचं. जिथे ते चिकटत नाही तिथे पुट्टी आहे. थोडी पुट्टी चालते. पुट्टीचा डोंगर असेल तर वरचा रंग कितीही चकचकीत असो, त्या रंगाची किंमत शून्य धरा.

कोरड्या प्रदेशातल्या गाडीचं दुखणं वेगळं असतं आणि ते स्वस्तात सुटतं. उन्हाने डॅशबोर्डला भेगा पडलेल्या असतील. झाडून सगळ्या झेडना असतात, त्यावरून गाडी नाकारू नका. दाराचं आणि मागच्या दाराचं रबर वाळून लाकूड झालेलं असेल. टायरची नक्षी नव्यासारखी असेल, पण बाजूवरचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. १० वर्षांपेक्षा जुने टायर नक्षी न बघता बदलायचे. गाडी बरीच वर्षं उभी असेल तर टाकीत डोकावून वास घ्या. वॉर्निशसारखा उग्र, आंबूस वास आला तर टाकी उतरवून साफ करावी लागणार, हे किमतीतून वजा करा.

थोडक्यात माझा हिशोब असा: इंजिन बंद पडलेली पण पत्रा शाबूत असलेली झेड मी डोळे झाकून घेईन. गुणगुणत चालणारी पण चॅनेल सडलेली झेड फुकटही घेणार नाही.

गाडी घरी आली की पहिला महिना चालवायचा मोह आवरा आणि तीन कामं करून घ्या. पहिलं, पेट्रोलचे सगळे रबरी पाइप बदला. इथल्या पंपांवरच्या बहुतेक पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. पाइप मऊ पडतो, फुगतो, एक दिवस तडकतो, आणि त्याच्या खाली गरम एक्झॉस्ट असतो. जुन्या गाड्या अशाच पेटतात. या एका बाबतीत आज-उद्या करू नका. दुसरं, ब्रेकचं ऑइल पूर्ण बदला आणि पुढे दर दोन वर्षांनी बदलत राहा, कारण ते हवेतला ओलावा शोषतं आणि आतून सिलिंडर गंजवतं. इथेही पाणीच. तिसरं, इंजिन ऑइल, गिअरबॉक्सचं आणि मागच्या डिफरन्शियलचं ऑइल बदला. इंजिनात जुन्या कॅमसाठी (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यासाठी) बनवलेलं, झिंकचं प्रमाण जास्त असलेलं ऑइल घाला. मी उन्हाळ्यात २०डब्ल्यू-५० वापरतो.

यानंतर तुमच्या हाताला खरा आनंद मिळेल अशी दोन कामं आहेत. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवणं, आणि कार्बोरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणारं यंत्र.

टॅपेटचं काम सोपं आहे, चिकाटी लागते. वरचं झाकण काढलं की व्हॉल्व्ह दाबणारे १२ रॉकर समोर दिसतात. इंजिन गरम असताना इनटेकला ०.२५ मिलिमीटर आणि एक्झॉस्टला ०.३० मिलिमीटर फट हवी. फिलर गेजची (फट मोजायच्या पातळ पट्टीची) पात फटीत सरकताना तुपातून सुरी फिरवल्यासारखी हलकी ओढ जाणवली पाहिजे. सैल ठेवली तर टकटक ऐकू येते आणि माणूस घाबरतो. घट्ट ठेवली तर आवाज गोड येतो आणि व्हॉल्व्ह जळतो. म्हणून शंका असेल तेव्हा केसभर सैल बरी. पहिल्यांदा तुम्हाला अख्खी दुपार लागेल. तिसऱ्यांदा चहा थंड व्हायच्या आत होईल.

कार्बोरेटर दोन आहेत आणि सगळी गंमत त्या दोघांचं एकमत करण्यात आहे. १९७० ते ७२ च्या गाड्यांना गोल घुमटाचे हिताचीचे कार्बोरेटर येतात, तुमच्या गाडीला ते असायला हवेत. १९७३ ला आलेले सपाट माथ्याचे कार्बोरेटर बहुतेकांनी केव्हाच काढून टाकले. इंजिन पूर्ण तापू द्या, एअर फिल्टरचा डबा काढा. हातभर रबरी नळी घ्या, एक टोक कानाशी धरा, दुसरं पुढच्या कार्बोरेटरच्या तोंडाशी. आत जाणाऱ्या हवेचा 'सूंऽऽ' असा आवाज येईल. तो नीट कानात साठवा आणि नळी मागच्या कार्बोरेटरकडे न्या, तोंडापासून तितक्याच अंतरावर. तिथला आवाज जास्त कर्कश असेल तर तो जास्त हवा ओढतोय. स्क्रू किंचित फिरवायचा, पुन्हा ऐकायचं. दोन्हीकडे एकच सूर लागला की इंजिनाची थरथर अचानक निवते. हवेचा प्रवाह मोजायचं यंत्र बाजारात मिळतं, माझ्याकडेही आहे. तरी शेवटचा कौल मी अजून नळीलाच देतो.

पेट्रोलचं मिश्रण बघायची रीत अशी. कार्बोरेटरच्या आतला पिस्टन पातळ स्क्रूड्रायव्हरने जेमतेम १ मिलिमीटर उचलायचा. इंजिनाचा वेग वाढून वाढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त जातंय. इंजिन गचके देऊन बसू लागलं तर कमी पडतंय. क्षणभर किंचित वाढून पुन्हा मूळ जागी आलं तर बरोबर. खालचा नट सुरुवातीला पूर्ण वर नेऊन तिथून अडीच फेरे खाली आणायचा, पुढचं पाव-पाव फेऱ्यांनी. घुमटाच्या टोपीखाली थोडं पातळ ऑइल लागतं, तेवढं दर महिन्याला बघायचं. आणि दोन्ही कार्बोरेटर एकाच वेळी उघडलेत तर पुढचा घुमट व पिस्टन पुढच्यालाच बसवा. त्यांच्या जोड्या लागलेल्या असतात, अदलाबदल केली की पिस्टन अडकतो.

विजेच्या बाबतीत एकच सल्ला. या गाडीत हेडलाइटचा सगळा प्रवाह स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून जातो आणि फ्यूजबॉक्स तापून वितळतो. रिले (स्विचऐवजी स्वतःतून प्रवाह नेणारे तुकडे) बसवलेली तयार वायरिंग मिळते, ती घाला आणि विसरा. आणखी एक, काच खाली करून चालवताना आत धुराचा वास येत असेल तर मागच्या दाराचं रबर आणि मागच्या दिव्यांचे गास्केट गेलेत. तो धूर विषारी आहे, रबर बदलेपर्यंत लांबच्या फेऱ्या मारू नका. विमा ठरलेल्या रकमेचा घ्या, म्हणजे काही झालं तर ५० वर्षं जुनी गाडी म्हणून कवडीमोल भरपाई मिळणार नाही. मिशिगनची ऐतिहासिक वाहनाची नंबरप्लेट स्वस्त पडते. पण ती मेळावे, प्रदर्शनं अशा कामांसाठी आहे आणि रोजच्या वापराची मुभा फक्त ऑगस्टमध्ये, एवढं लक्षात ठेवा.

आता हिवाळा. यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण इथेच चांगल्या गाड्या वाया जातात.

माझं गाव मालवणकडचं. मे महिना आला की आमच्याकडे आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीची, घाई सुटायची. लाकडं भरायची, घर शाकारायचं, पडवीला झडी (पाऊस अडवायचे झावळ्यांचे पडदे) बांधायच्या, मीठ-मिरची-सुकी मासळी डब्यांत बंद करायची. पाऊस लागल्यावर मग कशाला हात लावायचा नाही. इथे मी ऑक्टोबरमध्ये नेमकं तेच करतो आणि त्याला घरात 'गाडीची आगोट' असंच म्हणतात. खंडेनवमीला पाने-पक्कड मांडून पूजा होते, दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार चढतो, कोरडा दिवस बघून एक लांब फेरी होते, आणि दिवाळीच्या आसपास गाडी झाकली जाते. तारीख मी कॅलेंडरवरून ठरवत नाही. मिठाचा पहिला ट्रक रस्त्यावर दिसायच्या आत गाडी आत, हा नियम. डेट्रॉइट शहराच्या खाली, साधारण ३५० मीटर खोल, मिठाची खाण आहे. ते मीठ इथल्या रस्त्यांवर पडतं. थंडी हाडापर्यंत जाते, मीठ चॅनेलच्या आतपर्यंत.

झाकण्याच्या आदल्या आठवड्यात गाडी वरून आणि खालून धुवायची. चाकांच्या वरच्या खोबणी, काचेखालची जाळी, दारांच्या खालची भोकं, सगळीकडची माती काढायची, कारण माती स्पंजसारखं पाणी धरते. धुतल्यावर लगेच आत ठेवली तर ते पाणी पाच महिने तिथेच राहील. म्हणून धुतल्यानंतर किमान ४० किलोमीटर चालवायची. येताना टाकी इथेनॉल नसलेल्या पेट्रोलने गळ्यापर्यंत भरायची, आणि त्यात स्टॅबिलायझर (पेट्रोल टिकवणारं द्रव्य) आधीच घातलेलं असावं म्हणजे ते कार्बोरेटरपर्यंत पोचतं. टाकी ६० लिटरची आहे. अर्धी ठेवलीत तर वरच्या ३० लिटर हवेतला ओलावा दर रात्री आतल्या पत्र्यावर जमेल. मग इंजिन ऑइल बदलायचं, गरम असतानाच. वापरलेल्या ऑइलमध्ये ॲसिड आणि पाणी उतरलेलं असतं. ते हिवाळाभर बेअरिंगवर बसू द्यायचं आणि वसंतात बदलायचं, हा उलटा हिशोब झाला. कूलंट टेस्टरने तपासा. निम्मं पाणी, निम्मं अँटिफ्रीझ असेल तर उणे ३७ अंशांपर्यंत भीती नाही. ॲरिझोनाच्या गाडीत नुसतं पाणीही असू शकतं, त्यामुळे तुम्ही हे काम पहिल्याच थंडीआधी कराच.

बॅटरी काढून घरात आणा आणि आपोआप थांबणाऱ्या चार्जरला लावा. भरलेली बॅटरी मिशिगनच्या थंडीला बधत नाही, उतरलेली मात्र उणे ७ च्या आसपास गोठते आणि फुटते. मग ते ॲसिड कुठे जातं हे वर सांगितलंच. हातब्रेक ओढू नका, मागचे ब्रेक-शू ड्रमला धरतात. चाकांना ठोकळे लावा. टायरमध्ये बाजूवर छापलेल्या कमाल आकड्याच्या आत राहून ३८-४० पीएसआय हवा भरा. गाडी जॅक-स्टँडवर उचलून चाकं लोंबती ठेवणारे लोक आहेत. मला ते पटत नाही, सस्पेन्शनची रबरं पाच महिने पीळ पडून राहतात. चाकांवरच राहू द्या. महिन्यातून एकदा गॅरेजमध्ये जाऊन क्लचचं पेडल दहा वेळा दाबा, म्हणजे क्लच-प्लेट चिकटणार नाही.

आणि गाडी मध्येच चालू करू नका. 'आठवड्यातून एकदा दहा मिनिटं चालू ठेवतो' असं बरेच जण अभिमानाने सांगतात. १ लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ १ लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. दहा मिनिटांत इंजिन आणि सायलेन्सर इतके तापतच नाहीत की ती वाफ बाहेर पडावी. ती आतच थिजते, ऑइलमध्ये उतरते, सायलेन्सर आतून खाते. झोपलेल्या गाडीला झोपू द्या.

पहिल्या हिवाळ्यात मी एक मोठी चूक केली. पावसाची सवय असलेला माणूस, म्हणून निळी प्लास्टिकची ताडपत्री आणून गाडी चारही बाजूंनी गच्च गुंडाळली. गावच्या घराला झडी बांधतात तशी. एप्रिलमध्ये सोडली तेव्हा ताडपत्रीच्या आतल्या बाजूला थेंबांची रांग लागली होती. त्यातला एक थेंब माझ्यासमोर बोनेटवर पडला. सीटवर हिरवट बुरशी, ब्रेकच्या डिस्कवर नारिंगी साय, पुढच्या बंपरच्या क्रोमला बारीक पुरळ उठलेलं. कोकणात पाणी बाहेरून येतं, म्हणून झडी चालतात. इथे गॅरेजमध्ये पाणी हवेतून आणि जमिनीतून येतं, आणि प्लास्टिक त्याला बाहेर जाऊ देत नाही. तेव्हापासून सुती, हवा खेळती ठेवणारं आवरण वापरतो. प्लास्टिक वापरायचं ते गाडीच्या खाली, फरशीवर. तुमच्या गॅरेजच्या काँक्रीटवर हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून एक दिवस ठेवा. उचलल्यावर खालची फरशी काळपट ओली दिसली तर जमिनीतून ओल येतेय. मग गाडीखाली जाड पॉलिथिन अंथरलंच पाहिजे.

तुमचं गॅरेज दोन गाड्यांचं असेल तर हे फार महत्त्वाचं. रोजची गाडी संध्याकाळी चाकांत खारट बर्फाचे गोळे घेऊन येते. इंजिनाच्या उष्णतेने ते वितळतात, फरशीवर मिठाच्या पाण्याचं तळं होतं आणि तीच वाफ शेजारच्या झेडवर बसते. शक्य असेल तर हिवाळाभर रोजची गाडी बाहेर ठेवा. नसेल तर तिच्याखाली कडा उचललेली रबरी चटई टाका आणि ते पाणी वरचेवर बाहेर काढा. साधा डिह्युमिडिफायर थंड गॅरेजमध्ये उपयोगाचा नाही, त्याच्या कॉइलवरच बर्फ धरतो. त्यापेक्षा एक छोटा पंखा मंद गतीने चालू ठेवा. गाडीच्या आत ओलावा शोषायला सिलिका जेलच्या पिशव्या ठेवा. कॅल्शियम क्लोराइडचे डबे नकोत. त्यात जमणारं पाणी सांडलं तर आपण हाताने मीठ ओतल्यासारखं आहे.

उंदीर. त्यांना एअर फिल्टरचा डबा म्हणजे दोन दारांचं घर वाटतं. एक्झॉस्टच्या तोंडात आणि एअर फिल्टरच्या नळीत स्टील वूल कोंबा, आत खाण्याचं काही राहू देऊ नका. डांबरगोळ्या टाकू नका, त्यांचा वास सीटमधून वर्षभर जात नाही. आणि जे जे कोंबलं, काढलं, त्याची चिठ्ठी लिहून स्टिअरिंगला लाल दोऱ्याने बांधा: 'बॅटरी घरात. एक्झॉस्टमध्ये वूल. एअर फिल्टरमध्ये वूल.' पाच महिन्यांनी आठवत नाही.

सगळ्यात धोक्याचा काळ जानेवारी नाही. मार्च-एप्रिल आहे. जानेवारीतली हवा कोरडी असते. मार्चमध्ये एखाद्या दिवशी अचानक १५ अंश होतात, दक्षिणेकडून दमट वारा येतो, गॅरेजमधली गाडी मात्र अजून शून्याला असते. थंडगार पाण्याचा तांब्या बाहेर ठेवल्यावर घामेजतो तसं अख्खं इंजिन, चॅनेल, डिस्क घामेजतात. छान ऊन पडलंय म्हणून आपण गॅरेजचं दार सताड उघडतो आणि नेमकं तेव्हाच सगळ्यात जास्त पाणी गाडीवर बसतं. अशा दिवशी दार बंद ठेवा, पंखा वाढवा. लोखंडाला हात लावून बघा. हवेइतकं ऊबदार लागायला लागलं की मग दार उघडा.

पाडव्याला गाडी काढायचा मोह होतोच. काढू नका. रस्त्यावर पांढरी भुकटी असते, आणि एप्रिलमध्येही एखादं बर्फ पडतं. मिठाचे ट्रक थांबल्यानंतर दोन चांगले दणकून पाऊस होऊ द्या. साधारण अक्षय तृतीयेच्या सुमाराला रस्ता धुतलेला असतो.

काढायच्या दिवशी आधी स्टिअरिंगवरची चिठ्ठी वाचा. एअर फिल्टर उघडून घरटं नाही ना बघा. बॅटरी बसवा, सगळे पाइप दाबून बघा, गाडीखाली डाग आहेत का बघा, ब्रेकचं पेडल घट्ट लागतंय ना पाहा. मग कॉइलची जाड वायर काढून इंजिनाच्या धातूला टेकवा, म्हणजे इंजिन पेटणार नाही, आणि ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत पाच-पाच सेकंदांनी स्टार्टर मारा. पाच महिने कोरड्या राहिलेल्या कॅमपर्यंत ऑइल पोचू द्यायचं आहे. काटा वर आला की वायर लावा, चोक ओढा, चावी फिरवा. पहिला धूर पांढरा येईल, सायलेन्सरच्या टोकातून पाण्याचे थेंब पडतील. ते बाहेर पडताहेत, चांगलं आहे. पहिले काही किलोमीटर ब्रेक हलके हलके मारत जा, डिस्कवरची साय निघून जाईल. अर्धा तास चालवल्याशिवाय परत फिरू नका.

गाडी बघायला जाल तेव्हा बॅटरीखालच्या चॅनेलचा, काचेखालच्या जाळीचा आणि स्टेपनीच्या खड्ड्याचा, असे तीन फोटो जवळून काढून मला पाठवा. आवाज रेकॉर्ड करता आला तर ठोकतानाचाही पाठवा. किमतीचं ते बघितल्यावर बोलू.